आडवी पेर

आमच्या गावात माणसाची किंमत त्याच्या तासावरून ठरायची. तास म्हणजे तिफणीनं पेरताना जमिनीत उमटते ती ओळ. ज्याचा तास सरळ तो माणूस सरळ, अन् ज्याचा तास वाकडा त्याच्या घरी पोरगी द्यायलाही लोक कां-कू करायचे. ज्वारी वीतभर वर आली की गावातले म्हातारे मुद्दाम दुसऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभे राहत, एक डोळा मिटून ओळीत पाहत, अन् मग पारावर बसून दिवसभर तेच चघळत. कोणाला किती पिकलं हे दिवाळीपर्यंत विसरून जायचे, पण कोणाचा तास कुठं हुकला हे चार-चार वर्षं ध्यानात ठेवायचे. मूर्खपणाच तो. पण आमच्या सगळ्यांच्या अंगात मुरलेला होता, माझ्याही, हे आधीच सांगून टाकते.

माझा बा त्या गावातला सगळ्यात सरळ तासाचा माणूस. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आम्ही बौद्ध झालो त्याला त्याहून तीन-चार जास्त. चिखलीच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर आमचं गाव. पेरणीचा दिवस ठरला की पाटलाचा माणूस आधी आमच्या घरासमोर येऊन हाक मारायचा, कारण पाटलाच्या वावरात पहिला तास बानंच ओढायचा असा रिवाज पडून गेला होता. आमच्या हातचं पाणी पाटलाच्या घरी चालत नव्हतं, पण बाच्या हातचा तास चालायचा. बाला त्याचा केवढा अभिमान! मला त्याचा तेव्हाही राग यायचा, पण तो अभिमान काढून घेतला तर त्याच्यापाशी उरत काय होतं, हेही कळत होतं.

आमचं स्वतःचं वावर तीन एकराचं, उताराचं बरड. हातभर खणलं की मुरूम लागायचा. त्या हातभर मातीवर तीन माणसं जगत होती: बा, माय अन् मी. नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा मी विशीतच पेटी उचलून माहेरी परत आले होते. मला परत जायला कोणतंच घर नव्हतं. ती माती गेली असती तर आम्हाला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं असतं, हे आम्हा तिघांनाही न बोलता ठाऊक होतं.

अन् माती जातच होती. वावराची लांबी वरून खाली. बैल कमी वेळा वळवावे लागतात म्हणून सगळं गाव उताराच्या दिशेनंच पेरायचं. पाऊस जोरात आला की प्रत्येक तासाचा एक ओहोळ व्हायचा. दर वर्षी धुऱ्याजवळचे दगड थोडे आणखी उघडे पडलेले दिसायचे. लोक म्हणायचे, वावराले दगड फुटतात. वाहून गेलेल्या मातीचं नाव कोणी घ्यायचं नाही.

बाच्या ते ध्यानात आलं एका वर्षी निंदताना. वावराच्या टोकाशी बैल वळवायला जागा सोडावी लागते, अन् शेवटी तेवढ्या पट्ट्यात चार-पाच तास आडवे पेरून टाकतात. सगळीकडची ज्वारी पिवळी पडली होती, अन् ते आडवे तास मात्र हिरवेगार. बा तिथं खाली बसला, बोटानं माती उकरून पाहिली. ओली होती. मग उठून सरळ तासात उकरली, तर कोरडी ठक्क. तो मला म्हणाला, "पोरी, पानी इथी थांबून राह्यलं. आपण त्याले रस्ता देतो म्हणून ते जाते." एवढंच. त्याला कोणी शिकवलं नाही, कोणी सांगितलं नाही.

पुढच्या पेरणीआधी त्यानं मायची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात मागितली. चार हात लांब सरळ फळी, फळीवर मधोमध परात, परातीत काठोकाठ पाणी. फळीची दोन्ही टोकं जमिनीला टेकवायची. पाणी ज्या बाजूनं सांडेल ती बाजू खाली. ते टोक वर-खाली सरकवत पाणी काठाबरोबर झालं की दोन्ही टोकांशी एकेक दगड ठेवायचा. असं करत करत त्यानं आख्ख्या वावरात दगडांच्या आडव्या रांगा लावल्या. उताराला वळण होतं, तशा रांगाही वळल्या. मग त्या रांगांच्या धोरणानं तिफण चालवली. चाड्यावर, म्हणजे बी सोडायच्या तोंडावर, मूठ मायची, मागून दोरीला बांधलेल्या नळीतून तुरीचे दाणे सोडायला मी. बैल सारखे सरळ जायला ओढ घेत होते. त्यांनाही सवय लागलेली, गावासारखीच.

परात पाहूनच लोक धुऱ्यावर जमले होते. "काऊन बे, वावराले जेवू घालून राह्यला का?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "पेरता येईना अन् वावर वाकडं!" पीक वर आल्यावर तर विचारू नका. सगळ्यात सरळ तासाच्या माणसाच्या वावरात सापाच्या नागमोडीसारख्या ओळी! म्हातारे रोज येऊन पाहून जायचे. मायला विहिरीवर बायांनी विचारलं, याले बाहेरचं काही लागलं का. मायनं उत्तर दिलं, "तुमच्या नवऱ्यांपेक्षा शहाणा हाय." पण घरी येऊन रडली, मी पाहिलं.

त्या वर्षापासून पाटलाची हाक यायची बंद झाली. पाटील वाईट बोलले नाहीत. त्यांच्या माणसानं येऊन सांगितलं, "पाटील म्हणतात, ज्याच्या घरचे तास वाकडे त्याच्या हातात तिफण देली तं लोक आमाले हासतीन." बा हो म्हणाला. पेरणीच्या दिवशी सकाळपासून तो वावराच्या वरच्या टोकाला बसून खाली पाहत होता, कारण पाटलाचं काळं वावर आमच्या वावराला लागून खालीच होतं. दुसऱ्या कोणी ओढलेला पहिला तास कुठं हुकला ते त्यानं मला बोटानं दाखवलं. तेव्हा हसला नाही.

एकदा सरकारी जीप आली. साहेबाला रस्त्यावरून आमचं वावर दिसलं. गाडी थांबवून तो चक्क बूट घालून तासातासांतून फिरला, बाला चार प्रश्न विचारले अन् खूश झाला. म्हणाला, आम्ही गावोगाव हेच सांगत फिरतो अन् तुम्ही करूनही मोकळे! संध्याकाळी चावडीवर गाव गोळा केलं. साहेबानं खडूनं फळीवर उतार काढला, पाणी कसं पळतं अन् कसं अडतं ते दाखवलं, वर "त्या शेतकऱ्याकडून शिका" असंही सांगितलं. तो शेतकरी चावडीच्या खाली, चपला काढतात तिथं उभा होता. सगळे "हाव साहेब, हाव साहेब" म्हणाले. जीपची धूळ बसायच्या आत कोणीतरी बोललं, "याच्यापासून शिका म्हणे! आता एवढंच राह्यलं व्हतं." अन् सगळे पोट धरून हसले.

साहेबाला वाटलं असेल, शेतकऱ्याला समजत नाही म्हणून तो करत नाही. अहो, समजत सगळ्यांना होतं! त्यांच्या वावरातही टोकाला आडवे तास होते अन् त्यांनाही डोळे होते. काय शिकायचं हा प्रश्नच नव्हता, कोणापासून शिकायचं हा होता. आजही कोणी कॉलेजातली पोरं कागद घेऊन येतात अन् विचारतात, मावशी, शेतकरी नवी पद्धत कशानं उचलतो? मी म्हणते, आधी ती कोणाच्या घरातून निघाली ते पाहतो, मग तिचा गुण पाहतो. ते लिहून घेत नाहीत. त्यांच्या कागदावर तसा रकाना नसतो.

तिसऱ्या वर्षी पावसानं ताण दिला. ज्वारी पोटरीत आली, कणीस बाहेर पडायच्या बेतात, अन् महिनाभर थेंब नाही. सगळ्या गावाच्या पिकानं माना टाकल्या, पाटलाच्या काळ्या वावरानंसुद्धा. आमचं बरड उभं राहिलं. फार काही पिकलं असं नाही, पण कणसं भरली. तेव्हा कोणी धुऱ्यावर येऊन उभं राहिलं नाही. वाकड्या तासांना हसायला जी गर्दी व्हायची, ती भरलेली कणसं पाहायला कुठं गेली, देव जाणे.

एक माणूस आला. पाटील. काठीचं टोक मातीत खुपसून उभे राहिले अन् बाच्याकडे न पाहता विचारलं, "वल टिकते काय बे?"

"टिकते पाटील."

"बैलाले वळसे लय लागत असतीन."

"लागतात जी. पण माती राह्यते."

पाटील हं म्हणाले अन् निघून गेले. पुढच्या मिरगाच्या आधी त्यांच्या माणसानं पुन्हा आमच्या घरासमोर हाक मारली. बा असा उठला, जणू तीन वर्षं त्याच हाकेसाठी कान लावून बसला होता. मी म्हटलं, "बा, आता गरज पडली म्हणून बोलावून राह्यले." तो म्हणाला, "पडू दे ना. गाव पाह्यते तं खरं."

मीही गेले, नळी धरायला बाई लागतेच. बानं बरोबर आमची परात घेतली होती. पाटलाच्या वावरात तिफणीची पूजा मांडलेली होती, हळद-कुंकू, नारळ. पाटलीणबाई म्हणाल्या, आमच्या पेरणीत त्यांच्या घरचं भांडं नको. त्यांच्या घरून पितळेची परात आली. ती धरली त्यांच्या सालदार गड्यानं, फळीही त्यानंच धरली. माझा बा चार पावलं दूर उभा राहून सांगत होता, "थोडं खाली घ्या... आता वर... हं, ठेवा दगड." दिवसभर तसंच. ज्या युक्तीचा मालक तो, त्या युक्तीला त्यानं हात लावायचा नाही! अन् दगड लावून झाल्यावर तिफण मात्र त्याच्याच हातात दिली. तिफण चालायची अन् परात चालायची नाही, हे शास्त्र मला आजपर्यंत कोणी समजावून दिलेलं नाही. बाचं त्याकडे लक्षच नव्हतं. तो खुशीत होता. घरी जाताना म्हणाला, "पाह्यजो, आता सारं गाव करते."

केलं. एका वर्षात आख्ख्या गावाच्या तिफणी आडव्या झाल्या. पाटलानं केलं म्हटल्यावर वाकडा तास एकाएकी शोभून दिसायला लागला. पारावरचे तेच म्हातारे, आता एक डोळा मिटून वळण किती सुबक आलं ते पाहायला लागले! धामणगाव बढ्याहून पाटलाचे सोयरे बघायला आले, तिकडंही सुरू झालं. लोक त्याला 'पाटीलपेर' म्हणायला लागले. बा कोणी बोलावलं तर जायचा, दुरून उभा राहून दगड कुठं ठेवायचे ते सांगायचा. मी चिडले की म्हणायचा, नावात काय ठेवलं हाय. मला तेव्हा खरंच वाटलं, की माझा बा फार मोठ्या मनाचा माणूस आहे.

मग चिखलीला शेतकऱ्यांचा मेळावा भरला. आमच्या पाटलांचा सत्कार होता, आडव्या पेरणीसाठी. बानं धुतलेलं धोतर नेसलं, मलाही चल म्हणाला. एस.टी.त तो दोनदा म्हणाला, "पाटील आपलं नाव घेतीन. इतक्या लोकांत घेतीनच." तेव्हा मला कळलं, की नावात काय ठेवलं आहे असं म्हणणारा माणूस पाच वर्षं नावासाठीच जीव टांगून बसला होता.

मंडपात आम्ही मागं, दोरीच्या पलीकडे बसलो. शाल झाली, नारळ झाला. पाटील बोलायला उठले. म्हणाले, "उताराच्या वावरात आडवं पेराचं मी माह्या मनानं ठरवलं. लोक हासले, म्हणे पाटलाले याड लागलं. पन म्या हटलो नाई."

लोक हसले म्हणे! मेल्यानं ते हसणंसुद्धा सोडलं नाही. आमच्या वाट्याचं तेवढं तरी ठेवायचं. अन् सगळ्यात वाईट म्हणजे तो खोटं बोलतो आहे असं त्याच्या तोंडावर कुठंच दिसत नव्हतं. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बाच्याकडे पाहिलं. त्याचे हात मांडीवर तसेच होते.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "काऊन उठला नाई तू? सांगाचं होतं सगळ्यायसमोर."

पुढची पेरणी आली. बानं तिफण वावराच्या वरच्या टोकाला नेली अन् बैलांची तोंडं खाली, उताराकडे केली. मला आधी वाटलं, चुकला.

"बा, आडवं ना?"

"सरळ पेराचं."

"माती जाईन!"

"जाऊ दे. पाटलाची पेर माह्या वावरात नाई पायजे."

"अरे, ती तुही पेर हाय!"

"व्हती," तो म्हणाला.

माय चाड्याशी उभी होती. ती ओरडली, "आपलं नाक कापून दुसऱ्याले अपशकुन करतं काय? त्याले काय फरक पडते?" बानं बैलांना हाकललं. मला नळी टाकून देता आली असती. पण तुरीचे दाणे पडले नसते तर वर्षभर वरण कुठून खाल्लं असतं? मी मुकाट्यानं मागून चालत गेले. तास इतका सरळ होता की दोरी लावून घ्यावी. बाचा हात अजून तसाच होता. धुऱ्यावरून जाणारा एक जण थांबला अन् म्हणाला, "अरे, सारं गाव शहाणं झालं, अन् याले अजून अक्कल नाई."

पंधरा दिवसांनी ढगफुटीसारखा पाऊस झाला. दुपारभर कोसळत होता. थांबल्यावर मी अन् माय वावरात गेलो. वरचा एकराचा पट्टा मुरमापर्यंत धुऊन निघाला होता, कोवळी रोपं मुळांसकट गेलेली. गेलेली माती शोधावी लागली नाही. खाली पाटलाच्या आडव्या तासांत ती थरावर थर अडकून बसली होती. आमचं बरड तांबूस, त्यांचं वावर काळं, त्यामुळं आमची माती कुठून कुठपर्यंत ते लांबूनही दिसत होतं. पाच वर्षं धरून ठेवलेली माती एका दुपारी. मी तिथं उभी राहून घरी असलेल्या बाला तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. माय ऐकत होती, तिनं मला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी टोपल्या घेऊन गेलो, जेवढी भरून आणता येईल तेवढी वर आणायला. दोन खेपा झाल्या असतील, पाटलाचा सालदार धावत आला. "माती कुठं नेता? वावर पाटलाचं हाय." माय म्हणाली, माती आमची हाय. तो म्हणाला, इथी पडली तं इथली. तेवढ्यात पाटील स्वतःच आले. मला वाटलं, आता बोलतील. पण ते सालदारावरच रागावले. "नेऊ दे रे, माती काय कोनाच्या बापाची असते?" मग माझ्याकडे वळून अगदी मायेनं म्हणाले, खरंच मायेनं, त्यात टोमणा नव्हता, "पोरी, तुह्या बापाले सांग, उताराचं वावर हाय, असं सरळ नाई पेरत. आडवं पेर म्हणा. नाई समजलं तं ये म्हणा माह्याकडं, मी दाखवतो."

मायनं टोपली तिथंच पालथी केली अन् घराकडं चालू लागली. मी भरलेली टोपली उचलली अन् वर चढले. माती सोडायची माझी छाती झाली नाही.

घरी बा दारात बसला होता. मी तो निरोप त्याला शब्दाशब्दानं सांगितला. सांगायला नको होता. पण मी रागानं आंधळी झाले होते, त्याला लागावं म्हणूनच सांगितला. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "असं म्हणाले?" मी हाव म्हटलं.

पुढच्या मिरगात त्यानं मायला परात मागितली अन् आडवं पेरलं, राहिलेल्या मातीत. नंतर मरेपर्यंत आडवंच पेरलं. अन् गावातले लोक पारावर बसून म्हणाले, बरं झालं, शेवटी पाटलाचं ऐकलं त्यानं.